उंदराचा कॅन्सर आणि अण्णांची गोळी

अण्णांचं दुखणं पाठीतून सुरू झालं. रविवार पेठेतल्या दुकानात चाळीस वर्षं गादीवर बसलेला माणूस, पाठ धरणारच, असं आम्ही घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आईनं तेल लावलं, वहिनीनं शेकायला वीट तापवून दिली. रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, तेही वयानं म्हणून सोडून दिलं. पुरुषांच्या असल्या दुखण्याची बायकांनी चौकशी करायची नसते, ही आपल्या घरांतली रीत. शेवटी मिरजेला नेलं तेव्हा रक्तातला पीएसए बेसुमार वाढलेला होता. हाडांच्या स्कॅनमध्ये मणक्यांवर, कमरेच्या हाडांवर डाग दिसत होते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता.

दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांवर दोन वर्षं बरी गेली. मग पीएसए पुन्हा चढायला लागला. डॉक्टरांनी एन्झालुटामाइड नावाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. अण्णा व्रती माणूस, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणारे. त्यांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारल्या. "टरफल कशाचं?" डॉक्टर म्हणाले, "जिलेटिनचं." "आणि हे औषध आधी कुणावर करून बघितलं?" डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "आधी उंदरांवर, मग माणसांवर."

घरी आल्यावर अण्णांनी तो डबा फडताळात ठेवला आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "तू शिकलेली आहेस गं, इंग्रजी वाचतीस. मला एवढं बघून सांग. त्या उंदरांचा खरंच उपयोग झाला काय, की उगीच मारले? उगीच मारले असतील तर मला नको ते औषध."

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं, त्याचा हिशेब आहे. आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. बी.एस्सी.ला बेडूक चिरायला लागतो म्हणून मी प्राणिशास्त्र सोडून वनस्पतिशास्त्र घेतलं. घरात कौतुक झालं. पण पुढं डॉक्टर झालेल्या माझ्या मैत्रिणींनी बेडूक चिरलेच, आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांना त्यांच्यासारख्यांकडेच मी गेले. माझ्या वाटणीचा बेडूक दुसऱ्या कुणीतरी चिरला, एवढाच काय तो फरक. तेव्हा हात स्वच्छ असल्याच्या थाटात मला लिहिता येणार नाही.

*

पहिली गोष्ट वाचली आणि मी चकित झाले. उंदराला प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही. म्हणजे आपणहून जवळजवळ होतच नाही. माणसाखेरीज हा रोग आपोआप होणारा आपल्या ओळखीचा प्राणी म्हणजे कुत्रा. मग ज्याला रोगच होत नाही, त्याच्यावर औषध करून बघतात कसं?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. माणसात ती एकसंध असते. आत वेगवेगळे भाग आहेत, पण बाहेरून एकच गोळा. कॅन्सर बहुतेक वेळा तिच्या बाहेरच्या भागात उगवतो. उंदरात मात्र तिचे सुटे सुटे खंड असतात. माणसाच्या ग्रंथीत पेशींभोवती स्नायूंचं आणि तंतूंचं दाट अस्तर असतं, उंदरात ते अगदी पातळ. आणि ज्या पीएसएच्या आकड्याकडे बघत आम्ही दोन वर्षं काढली, तो पीएसए तयार करणारं जनुकच उंदरात नाही.

२००४ साली ह्या विषयातल्या विकृतिशास्त्राच्या जाणकारांच्या समितीनं एक मोठा अहवाल छापला. त्याआधी त्यांची बैठक अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावी झाली होती. उंदराच्या ग्रंथीचा अमुक खंड म्हणजे माणसाच्या ग्रंथीचा अमुक भाग, असं थेट जुळवायला पुरावा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे टीका बाहेरच्या कुणी प्राणिमित्रांनी केलेली नाही. उंदरांवर काम करणाऱ्यांनीच ती लिहून ठेवली आहे. हे मला आवडलं. आपल्याकडे आलोचना म्हणजे आपला दोष आपणच गुरूंपुढे सांगणं. त्या अर्थानं ही आलोचनाच.

शास्त्रज्ञ ह्या उंदरांना 'मॉडेल' म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. भारी कापडाला कात्री लावण्याआधी आपण कागदावर कापून बघतो. कागद म्हणजे ब्लाउज नव्हे, हे आपल्याला ठाऊक असतं. माप जुळलं तर कागदाचा उपयोग, नाही जुळलं तर कागदही वाया आणि कापडही. तेव्हा ह्या कागदाची मापं कुणी घेतली आणि कशी, ते बघू.

*

ह्या गोष्टीच्या मुळाशी एक बाई आहे, हे किती जणींना माहीत असेल? ॲबी लॅथ्रॉप तिचं नाव. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावची शिक्षिका. १९०० च्या सुमाराला तिनं हौशी लोकांसाठी उंदीर पाळायला घेतले, आणि हळूहळू प्रयोगशाळाच तिचं गिऱ्हाईक झाल्या. कुठल्या घराण्यातल्या उंदरांना गाठी होतात, ह्याच्या बारीक नोंदी ती ठेवायची. एका विकृतिशास्त्रज्ञाबरोबर तिनं शोधनिबंधही लिहिले. तिच्याकडून आलेल्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल ह्यांनी १९२१ साली एक वंश वाढवला. ५७ क्रमांकाच्या मादीची ही प्रजा, म्हणून त्या काळ्या उंदरांच्या नावात आजही ५७ हा आकडा आहे. लिटल ह्यांनीच १९२९ मध्ये बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा काढली. जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या उंदरांत हा वंश येतो.

ह्याच वंशात १९९५ साली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात नॉर्मन ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 'ट्रॅम्प' नावाचा उंदीर तयार केला. रॅट जातीच्या मोठ्या उंदराचा, फक्त प्रोस्टेटमध्येच जागा होणारा एक जनुकतुकडा त्यांनी घेतला. त्याला माकडाच्या एका विषाणूचं, गाठ निर्माण करणारं जनुक जोडलं. ती जोडणी काळ्या उंदराच्या गर्भात घातली. नर वयात आला की प्रोस्टेटमध्ये ते जनुक जागं होतं आणि पेशींना आवर घालणाऱ्या दोन महत्त्वाच्या प्रथिनांना एकदम निकामी करतं. तीन महिन्यांच्या आत बिघाड दिसतो आणि सात-आठ महिन्यांत रोग लसिकाग्रंथी, फुप्फुसापर्यंत जातो.

शोध म्हणून ह्याचं महत्त्व मोठं. रोग पहिल्या पेशीपासून शेवटपर्यंत डोळ्यांदेखत घडताना बघता येऊ लागला. पण माप जुळतं का? माणसाचा प्रोस्टेट कॅन्सर त्या माकडाच्या विषाणूमुळे होत नाही. माणसात तो वीस-तीस वर्षं दबून असतो आणि म्हातारपणी डोकं वर काढतो. उंदरात तो ऐन तारुण्यात वादळासारखा येतो. ट्रॅम्पमधल्या पुष्कळ गाठी चेतापेशींसारखे गुण असलेल्या, माणसात क्वचित दिसणाऱ्या जातीच्या निघतात. आणि अण्णांचा रोग जिथं गेला, त्या हाडांत हा उंदरातला रोग क्वचितच जातो. ज्या दुखण्यानं अण्णा रात्रभर कूस बदलू शकत नव्हते, नेमकं तेच ह्या मॉडेलमध्ये नाही.

पुढची पिढी जास्त विचारानं घडवलेली आहे. माणसांच्या गाठींमध्ये पीटेन नावाचं, वाढीला लगाम घालणारं जनुक पुष्कळदा हरवलेलं सापडतं. २००३ मध्ये उंदराच्या फक्त प्रोस्टेटमधून ते काढून टाकण्यात यश आलं. आता विषाणू उसना आणायला लागला नाही, माणसात होणारा बिघाडच उंदरात केला. २००५ मध्ये माणसांच्या गाठींत दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली आढळली. पाश्चात्त्य देशांत सुमारे निम्म्या रुग्णांत हा प्रकार दिसतो. तोच बिघाड एकटा उंदरात घातला तर खरा पसरणारा कॅन्सर काही झाला नाही. पीटेनही काढलं तेव्हा झाला. एक खिळा निखळला म्हणून चाक गळत नाही, दोन-तीन निखळावे लागतात, हे ज्ञान उंदरानं दिलं. ते खोटं नाही.

*

आता अण्णांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. किती मारले?

ह्याचं उत्तर शोधनिबंधात मिळत नाही, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार इथं आहे. निबंधात प्रयोगातले उंदीर मोजलेले असतात, प्रयोगासाठी जन्माला घातलेले बहुधा नसतात. साधं गणित करा. ट्रॅम्पमध्ये जनुक असलेली मादी आणि साधा नर ह्यांची जोडी लावली, तर निम्म्या पिलांत ते जनुक येतं. त्यातल्या निम्म्या माद्या. प्रोस्टेट नराला असतं. म्हणजे प्रयोगाला लागणारं पिलू चारात एक. पीटेनच्या उंदरात जुळणीला आणखी एक अट वाढते, नेहमीच्या एका जोडणीत प्रमाण आठात एकावर येतं. उरलेल्यांतल्या काही माद्या वीण चालू ठेवायला राखतात, काही तुलनेसाठी लागतात. बाकीच्यांचा उपयोग नाही, म्हणून त्यांना संपवलं जातं. छापलेल्या तक्त्यात 'प्रत्येक गटात दहा उंदीर' असं वाचताना मला आता त्या न छापलेल्या पिलांची ओळ दिसते.

आणि हे सगळं मोजायची सक्तीही सगळीकडे नाही. अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली. संशोधनासाठी वाढवलेले उंदीर, रॅट आणि पक्षी 'प्राणी' ह्या व्याख्येतूनच वगळले गेले. जगातलं एवढं मोठं संशोधन जिथं होतं, तिथल्या त्या कायद्याच्या लेखी उंदीर हा प्राणीच नाही! संस्थांचे स्वतःचे नियम असतात, सरकारी पैसा घेणाऱ्यांना बंधनंही असतात, पण देशभराचा हिशेब नाही. दुकानदाराची मुलगी म्हणून सांगते, ज्या मालाची नोंदच होत नाही, तो जपून वापरला जात नाही.

आपल्याकडचा १९६० चा कायदा राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी लावून धरलेल्या विधेयकातून पुढं आला. त्याच्या चौदाव्या कलमात ज्ञानासाठी आणि उपचारासाठीच्या प्रयोगांना मोकळीक आहे आणि पुढच्या कलमात देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. ज्यांनी कायदा मागितला, त्यांनाही पूर्ण बंदी मिळाली नाही.

*

आता औषधाकडे येते.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यांनी आधी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम केलं होतं, मग माणसांवर. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. अण्णांची तीन महिन्यांची इंजेक्शनं म्हणजे त्याच शोधाची नातवंडं. पण काही काळानं रोग हार्मोन बंद असतानाही वाढायला लागतो. का, हे कुणाला कळत नव्हतं.

इथं वेगळ्या प्रकारचा उंदीर आला. १९७७ मध्ये बफेलो शहरात एका पन्नास वर्षांच्या रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून घेतलेल्या कॅन्सरपेशी प्रयोगशाळेत आजही वाढतात. अशा माणसाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या अंगात रुजवतात. २००४ साली लॉस एंजेलिसला चार्ल्स सॉयर्स ह्यांच्या गटानं असल्या उंदरांचे अंडकोश काढून, माणसात होतं तसंच गाठींना हार्मोनशिवाय वाढायला भाग पाडलं. मग आधीच्या आणि नंतरच्या गाठींची तुलना केली. बदल एकच सातत्यानं सापडला. हार्मोन पकडणारे पेशीतले ग्राहक वाढले होते. जेवण कमी वाढलं म्हणून घरात ताटं जास्त मांडून ठेवावीत, तशातली गोष्ट. त्यात जुनी औषधं रोगाला अडवण्याऐवजी कधी कधी खतपाणीच घालत होती.

कारण कळल्यावर रसायनशास्त्रज्ञ मायकेल जंग ह्यांच्यासोबत सुमारे दोनशे संयुगं तपासून त्या ग्राहकाला घट्ट बांधणारं औषध निवडलं गेलं. तसल्याच उंदरांत गाठी आक्रसल्या, ते २००९ मध्ये छापून आलं. मग केमोथेरपी होऊन गेलेल्या ११९९ रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य १८.४ महिने, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांचं १३.६ महिने. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हेच एन्झालुटामाइड, अण्णांच्या फडताळातलं.

म्हणजे उपयोग झाला. आपल्या मंडळींपैकी काही जण भाषणात सांगतात की प्राण्यांवरच्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही, सगळं थोतांड आहे. मीही तसं मानत होते, कारण तसं मानणं सोयीचं आहे. हिंसा वाईट आणि वर निरुपयोगीही, म्हणजे विचार करायलाच नको. पण ते खरं नाही. 'हे बरोबर आहे का' आणि 'हे उपयोगी आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की आपली अहिंसा खोट्यावर उभी राहते, आणि सत्य हेही आपलं व्रतच आहे.

नाण्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. ट्रॅम्प उंदरांत प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारा उपचार लशीच्या जोडीनं दिला तेव्हा गाठी कमी झाल्या, असं २००० साली छापून आलं. तोच ब्रेक सोडवणारं इपिलिमुमॅब हे औषध त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये माणसांनाही लागू पडलं. प्रोस्टेटच्या रुग्णांवर मात्र २०१४ आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यानं आयुष्य ठामपणे वाढल्याचं दिसलं नाही. आणि ज्या उंदरांत माणसाच्या पेशी रुजवतात, त्यांना प्रतिकारशक्तीच नसल्यानं असल्या औषधाची परीक्षा त्यांच्यात होऊच शकत नाही. कागद कशासाठी कापला, ते विसरून चालत नाही. एन्झालुटामाइडचं यश हे 'उंदराच्या' कॅन्सरचं नव्हतं. माणसाचीच पेशी होती, आणि प्रश्न एकच, नेमका होता. जिथं प्रश्न मोघम, तिथं उंदीर फुकट गेले.

*

आता स्वयंपाकघरात या.

अण्णा औषध घेईनात तेव्हा वहिनीनं फोनवर आलेला एक निरोप दाखवला. डाळिंबाच्या रसानं प्रोस्टेटचा कॅन्सर बरा होतो, अमेरिकेत सिद्ध झालं आहे. वहिनी रोज दोन डाळिंबं सोलायला लागली. मला तिचा राग आला नाही. काहीतरी करावंसं वाटतं, आणि आपल्या हातात पातेलं आणि चाळणच असते.

मी मूळ शोधलं. २००५ मध्ये डाळिंबाच्या अर्कानं गाठींची वाढ मंदावल्याचं खरंच छापलं होतं, पण प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुजवलेल्या गाठींची. पुढच्या वर्षी माणसांवर छोटा अभ्यास झाला. पीएसए वाढायचा वेग कमी झालेला दिसला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. २०१५ मध्ये तुलनेच्या गटासह चाचणी छापली गेली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक उरला नाही. निरोपात पहिली पायरी होती, तिसरी नव्हती. आणि उंदीर हा शब्द कुठंच नव्हता!

'खाण्यातलं आहे, नुकसान तर नाही' असं आपण म्हणतो. तेही जपून म्हणावं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम प्रोस्टेटचा कॅन्सर टाळतील, ह्या आशेनं २००१ मध्ये पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली. उपयोग दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ चा हिशेब असा, की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ह्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं होतं.

म्हणून, मैत्रिणींनो, अशी बातमी आली की तीन गोष्टी विचारा. एक, हे उंदरात झालं की माणसात? दोन, उंदरात असेल तर कुठल्या? जनुक बदललेल्या, की माणसाच्या पेशी रुजवलेल्या? तीन, माणसात असेल तर औषध न घेणारा दुसरा गट होता का? एवढं विचारलं तर निम्मे निरोप पुढं पाठवायच्या आधीच पुसले जातील. डाळिंब चवीसाठी जरूर खा.

*

राहिला तो अवघड प्रश्न. आपल्या शास्त्रात हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. चूल पेटवताना, दळताना होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्हींतून संसारी माणूस पूर्ण सुटत नाही. संकल्पी मात्र त्यानं सोडायलाच हवी.

प्रयोगशाळेतली हिंसा कुठं बसते? रोगाशी युद्ध आहे म्हणून विरोधी, असं एका परिचितानं सांगितलं. मला पटलं नाही. युद्ध रोगाशी असेल, पण उंदीर काही शत्रू नाही. त्याला तर तो रोगही नव्हता, आपण दिला. ही ठरवून केलेलीच हिंसा आहे, आणि तिचं फळ आपण घेतो. दुसरं गोड नाव मी शोधलं नाही.

पण म्हणून त्या कामातल्या सगळ्यांना निर्दय ठरवणंही मला जमत नाही. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांची पीएच.डी. उंदरांच्या चार वंशांतल्या स्तनग्रंथींवर आणि त्यांच्या कॅन्सरप्रवणतेवर होती. मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी आयुष्य घालवलं आणि १९७३ मध्ये शास्त्रज्ञ स्त्रियांची संघटना उभी केली. ज्या काळात बायकांच्या छातीतल्या गाठीचं नाव घरात काढत नसत, त्या काळात ही मराठी बाई ते दुखणं समजून घ्यायला उंदरांपुढे बसली. तिच्या कामाचा लाभ माझ्या आईच्या, मावशीच्या पिढीला झालेला असताना तिच्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला कुठला?

मला वाटतं, मागणी करायची ती वेगळी. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या. जिथं जमेल तिथं प्राण्याऐवजी दुसरं वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आता साधनंही येत आहेत. २०१४ पासून रुग्णाच्याच प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी काचपात्रात छोट्या गोळ्यांच्या रूपात वाढवता येतात. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेनं माणसांवरच्या चाचणीआधी प्राण्यांवरच्या प्रयोगाची कायद्यातली सक्ती काढली. २०२३ मध्ये आपल्या देशातल्या नियमांतही प्राण्याविना पद्धतींना जागा मिळाली. काचेतल्या गोळ्याला रक्त नाही, हाड नाही, म्हणून उंदीर उद्याच सुटेल असं नाही. पण जन्माला घातलेलं प्रत्येक पिलू मोजा, ते छापा, माप न जुळणाऱ्या मॉडेलवर तोच प्रयोग शंभरदा करू नका, एवढं मागायला शास्त्राची पदवी लागत नाही. चुकीच्या प्रश्नासाठी मारलेला उंदीर माणसाच्याही उपयोगी पडत नाही. वाईट शास्त्र हीच इथली सर्वांत मोठी हिंसा.

*

हे सगळं मी अण्णांना दोन संध्याकाळी सांगितलं, तेव्हा कळलं होतं तेवढं. चारात एक पिलाचा हिशेब त्यांना तोंडी आला, आयुष्यभर हिशेबच केले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उगीच नाही मारले म्हणतीस. पण मारले तर खरं."

"होय," मी म्हटलं.

"आता मी नाही घेतली गोळी तर ते परत येत नाहीत."

"नाही येत."

"मग घेतो. पण घरात कुणी 'उंदीरच तर होते' असं म्हणायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सूर्यास्ताच्या आधी औषध घ्यायला सुरुवात केली. पाठीचं दुखणं दोन महिन्यांत कमी झालं. औषधानं आम्हाला चौदा महिने दिले. त्यात दोन वेळा ते स्वतःच्या पायानं बस्तीत गेले आणि धाकट्या नातीला बेरीज-वजाबाकी शिकवली. पंधराव्या महिन्यात पीएसए पुन्हा चढला.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला अण्णांनी सगळ्यांची क्षमा मागितली. घरातल्यांची, दुकानातल्या नोकरांची, आणि मग थांबून, हात जोडून, त्यांचीही. वहिनीला कळलं नाही कुणाची. मी तिला नंतर सांगितलं.